अमानत नावाचं फोल्डर

४ नोव्हेंबर

सकाळी ओसरी, आमची छोटी सोशल साइट, बंद. नुसतं पांढरं पान. सर्व्हरच्या मशीनवर जाऊन बघितलं तर डिस्क शंभर टक्के भरलेली.

आमचं स्वतःचं त्यात कितीसं? तीसेक माणसांचं लिहिणं आणि सलीमची रेकॉर्डिंगं. बाकी सगळं बाहेरचं. आपल्यातलं कुणी दुसऱ्या सर्व्हरवरच्या माणसाला फॉलो केलं की त्याचे फोटो, व्हिडिओ आपल्या मशीनवर येऊन बसतात. भाडं आपण भरायचं. तीस दिवसांपेक्षा जुनं बाहेरचं सगळं पुसलं, तेव्हा दहा वाजता चालू झाली. कॉलेजला उशीर. एचओडी बोलले काही नाहीत, घड्याळाकडं बघितलं फक्त.

सलीम असता तर म्हणाला असता, "विलास, मेहमान जास्ती हुए तो ओसरी बड़ी करो." त्याला सोपं होतं म्हणायला. कपड्याच्या दुकानाच्या गल्ल्यातून भागवायचा, मला कधी आकडा कळू दिला नाही. मी मशीन बघायचो, तो म्हाताऱ्या बायकांच्या दारात, त्यांच्या आठवणी टिपायला, रेकॉर्डर घेऊन बसायचा. सहा वर्षं.

जाऊन दोन महिने दहा दिवस.

५ नोव्हेंबर

मशीन भाड्यानं देणाऱ्या कंपनीचा मेल, पैसे कटले नाहीत. कार्ड सलीमचं, बँकेनं बंद केलेलं. नवीन कार्ड जोडायला ओटीपी लागतो आणि तो येतो सलीमच्या नंबरवर.

नसीमभाभींना फोन केला. त्यांनी त्याचा फोन अजून चालू ठेवलाय, रोज चार्ज करतात. सहा आकडे एकेक करून वाचून दाखवले. मग म्हणाल्या, "भाई, अजून लागला ओटीपी तर सांगा. त्यांच्या फोनवर काही आलं की बरं वाटतं."

कार्ड माझं जोडलं. खातं त्याच्याच नावावर राहिलंय. पावती आली, वर लिहिलेलं, प्रिय सलीम.

८ नोव्हेंबर

दुपारपासून मशीननं गुडघे टेकलेत. कारण सापडलं. सलीमनं केलेलं झुलेखा अम्मांचं रेकॉर्डिंग बाहेर कुणीतरी मोठ्या माणसानं शेअर केलंय. हजारो लोक त्याच्या मागं. एका शेअरनं शेकडो सर्व्हर एकाच मिनिटाला आमच्या दारात, ऑडिओ दे म्हणून. प्रत्येक जण आपापली प्रत करून नेणार.

हे रेकॉर्डिंग मी टाकलेलं, सलीमनं नाही. सलीमचा चाळिसावा दिवस झाल्यावर भाभींनी त्याची हार्ड डिस्क दिली होती. त्यात एक फोल्डर होतं, 'अमानत'. चौदा फायली, एकही कधी टाकलेली नाही. मला वाटलं मागं राहिलेला ठेवा. ऑक्टोबरात एकेक करून सगळ्या त्याच्याच खात्यावरून टाकल्या. श्रद्धांजली म्हणून.

पूर्ण ऐकल्या नाहीत. सलीमचा आवाज सुरू झाला की तीन-चार मिनिटांच्या पुढं मला बसवत नव्हतं.

मोठं मशीन घेतलं महिन्यापुरतं. घरी सुनंदा म्हणाली, "हे सगळं कुणासाठी चाललंय?" मी म्हणालो सलीमसाठी. 

११ नोव्हेंबर

जगभरातून लोक लिहितायत. बंगळूरच्या एका मुलीनं अम्मांच्या दखनीचं इंग्रजी करून टाकलं. कुणी म्हणतं, आमची नानी अशीच बोलायची. लई दिवसांनी छाती भरून आल्यासारखं झालं. भाभींना वाचून दाखवलं. त्या रडल्या, हसल्याही.

एकानं लिहिलंय, चौदाव्या मिनिटाला गाडी बाजूला घेऊन थांबलो.

चौदाव्या मिनिटाला काय आहे?

१३ नोव्हेंबर

मधल्या सुट्टीत लॅब रिकामी होती. दार लावून, हेडफोन घालून ऐकलं.

अम्मा बहात्तरच्या दुष्काळाचं सांगतायत. अजिंठ्याकडच्या रस्त्यावर खडी फोडायचं काम. सलीमचं मधे मधे नुसतं "फिर?" त्याची सवय. मग हे. जसंच्या तसं लिहून ठेवतो, कारण आता फाईल ओसरीवर ठेवणार नाही.

"मेरे बाजू में एक बाई बैठती थी. मराठी लोकां की. गोद में आठ-नौ महीने का बच्चा. एक दिन बोली, बाई, जरा धर गं, पाणी पिऊन येते. गई सो गई."

"फिर?"

"फिर क्या. तीन दिन मैं उधरीच बैठी उसको लेके. मुकादम बोला, वो नै आती अब, उसका मरद ले के गया उसको. मेरा खुद का बच्चा महीना भर पैले गुजर गया था, बेटा. दूध था मेरे को."

 बशीत कप ठेवल्याचा आवाज.

"यूसुफ को मालूम है, अम्मा?"

"नक्को. मेरी आँख मिचे तक नक्को बोलना किसी को."

आणि सलीम, हळू आवाजात: "नहीं बोलता. अमानत है ये, अम्मा. मेरे पास रहेगी."

एक चाळीसला पोस्ट डिलीट केली.  मग बाकीच्या तेराही काढल्या. दुपारच्या प्रॅक्टिकलला पोरांना काय शिकवलं, आठवत नाही.

अमानत म्हणजे ठेव. कुणीतरी विश्वासानं आपल्याकडं ठेवलेली, जशीच्या तशी परत द्यायची गोष्ट. एवढं मला ठाऊक नव्हतं असं नाही.

१४ नोव्हेंबर

डिलीट म्हणजे काय ते आज नीट कळलं. इतकी वर्षं सर्व्हर चालवून.

मी आमच्याकडचं पुसलं. आमचं मशीन मग बाकी सगळ्यांना चिठ्ठी पाठवतं, तुमच्याकडची प्रत पुसा. बहुतेक पुसतात. काही बंद असतात, त्यांना चिठ्ठी पोचत नाही. काही जण मुद्दाम पुसत नाहीत. आणि जबरदस्ती करणारा वर कुणी नाही. कुणी मालक नाही, म्हणून तर आम्ही हे निवडलं होतं. सलीम दुकानात आलेल्या गिऱ्हाइकालासुद्धा सांगायचा, "इधर किसी एक शेठ का राज नहीं."

शोधल्यावर एकोणीस ठिकाणी प्रत सापडली. एकोणीस जणांना लिहिलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

यूसुफभाई घरी आले.

अम्मांचा मुलगा म्हणून त्यांना मी नावानंच ओळखत होतो. गुलमंडीच्या मागं गाद्या-उशांचं दुकान. पन्नाशी ओलांडलेली, दाढी निम्मी पांढरी. गारखेड्यात घर शोधत आले, चप्पल दाराबाहेर नीट जोडीनं काढून ठेवली. पाणी घेतलं नाही.

"विलासभाऊ, अम्मीचं ते काढा."

"काढलंय. गुरुवारीच काढलंय."

त्यांनी खिशातनं फोन काढला आणि माझ्यापुढं धरला. अम्मांचा आवाज आमच्या हॉलमध्ये. पुण्याला नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलीला कुणीतरी पाठवलं होतं. दोन शब्दांत तिनं दादीचा आवाज ओळखला.

मी समजावलं, प्रती, चिठ्ठ्या, बंद मशीनं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. म्हणाले, "म्हणजे तुम्हाला सांगता येतं, पण परत घेता येत नाही."

"हो."

"सलीमला मी भाई मानत होतो. परवाच्या जुम्म्याला कब्रस्तानात गेलो, अब्बांच्या कबरीवर फातेहा पढला, त्याच्या कबरीकडं वळलो नाही. पाठ करून आलो."

तेव्हा मी सांगितलं. सलीमनं नाही टाकलं, यूसुफभाई. त्यानं सांभाळून ठेवलं होतं. मी टाकलं. न ऐकता.

मला वाटलं उठून एक देतील. दिली असती तर बरं झालं असतं. त्यांनी फोन खिशात ठेवला. मग म्हणाले, "एकच करा. अम्मीला कळता कामा नये."

"लोकांना कळलंय ते?"

"लोकांचं जाऊ द्या. मला कळलंय, हे तिला कळता कामा नये."

गेल्यावर सुनंदानं त्यांचा चहा बेसिनमध्ये ओतला. म्हणाली, "अहो, रोज अम्मांच्या समोर कसे बसत असतील हे?"

१९ नोव्हेंबर

एकोणीसपैकी बारा गेले. जर्मनीतल्या एका बाईनं तासाभरात पुसलं, वर माफी मागितली, तिची काही चूक नसताना. एक जण विचारतोय, खातं सलीमचं, तुम्ही कोण? सलीमला स्वतःला लिहायला सांगा.

काय सांगू त्याला.

२२ नोव्हेंबर

भाजी घेताना मागून "फिर?" असं ऐकू आलं. वळलो. दोन बायका बोलत होत्या, त्यांच्यातलं कुणी म्हटलं असेल. नसेलही. या आठवड्यात तिसऱ्यांदा. कॉलेजच्या जिन्यात, स्कूटर सुरू करताना, आज. कानाच्या अगदी जवळ, घाई नसलेल्या माणसाचा आवाज.

सु.ला सांगितलं नाही.

२७ नोव्हेंबर

अठरा गेले. एक राहिला. त्या सर्व्हरकडं बघणारा माणूसच नाही. चालवणाऱ्याची शेवटची पोस्ट तीन वर्षांपूर्वीची, मांजराचा फोटो. मेल टाकला, परत आला. मशीन मात्र चालू आहे, पोस्टी घेतंय, प्रती करतंय. चिठ्ठी पोचते पण पुसत नाही, काहीतरी बिघडलंय. कुठल्या तरी खात्यातून भाडं कटत असणार, माणूस असो-नसो.

सगळं विझलेल्या घरात एक रेडिओ चालू राहावा तसं अम्मांचं बोलणं तिथं आहे.

यूसुफभाईंना फोन करून खरं ते सांगितलं. एक राहिलंय, माझ्या हातात नाही. "बरं," म्हणाले. ठेवला.

३ डिसेंबर

ठरवलं. ओसरी बंद करायची. जे परत घेता येत नाही, ते आता चालवायचं नाही.

आणि बंद करणंही सोपं नाही. नुसतं मशीन बंद केलं तर आमच्या सगळ्यांच्या प्रती बाहेर तशाच राहतात, कायमच्या, पुसायला सांगणारंच कुणी उरत नाही. नीट बंद करायचं तर मशीन चालू ठेवून प्रत्येक सर्व्हरला चिठ्ठ्या पाठवत राहायच्या, दोन-तीन आठवडे. तेवढं भाडं भरायचं. ओसरीच्या पत्त्याचे, म्हणजे डोमेनचे पैसेही वर्षावर्षाला भरत राहायचे, नाहीतर दुसरा कुणी घेईल आणि आमच्या नावानं बोलेल.

३१ तारखेला सुरुवात. सगळ्यांना कळवलं.

५ डिसेंबर

ओसरीवरचे देशमुख गुरुजी, निवृत्त, गावाकडच्या पिकांची जुनी नावं लिहायचे. फोन आला. "दुसरीकडं गेलो तर माझे वाचक येतील म्हणे माझ्याबरोबर."

"येतील, गुरुजी."

"आणि लिहिलेलं?"

"ते नाही येत. फाईल देतो काढून. पण तिथं नव्यानंच सुरू करावं लागेल."

म्हणाले, "वाचक येतात आणि लिहिलेलं येत नाही. कसली रे ही वरात?" हसले. मला हसता आलं नाही.

७ डिसेंबर

भाभींकडं गेलो. सलीमची सगळी रेकॉर्डिंगं पेन ड्राइव्हवर घालून नेली होती. सहा वर्षांची. सांगितलं, ओसरी बंद करतोय.

भाभी पेन ड्राइव्ह हातात फिरवत राहिल्या. "मी रोज दुपारी एक ऐकते, भाई. नमाज झाली की."

"यात सगळी आहेत."

"यात ते नुसते बोलतात. तिथं लोक त्यांना जवाब देतात." मग घाईनं म्हणाल्या, "नै, तुम्ही करा बंद. ज़िम्मेदारी तुमच्यावर आहे, मला माहीत आहे. मैं बस बोली."

यूसुफभाईंचं त्यांना सांगितलेलं नाही. अमानतच्या चौदा फायली पेन ड्राइव्हवर नाहीत. हार्ड डिस्कवर आहेत, ती डिस्क आमच्या कपाटात, साड्यांच्या घडीखाली. सु.नं जागा करून दिली. काही विचारलं नाही.

१५ डिसेंबर

थंडी. "फिर?" आठ दिवस नव्हतं. आज वर्गात फळ्याकडं तोंड होतं तेव्हा. पोरांना वाटलं मी विसरलो पुढचं. विसरलोच होतो.

२७ डिसेंबर

ओसरीवर सलीमच्या खात्याला उत्तर आलं. त्या बेवारस सर्व्हरवरून. तिथल्या प्रतीखाली कुणीतरी लिहिलं, ते फिरून आमच्याकडं पोचलं. पुरतं उतरवून घेतो:

"सर, हे रेकॉर्डिंग कुणी केलं ते कळवाल का? माझी आजी बहात्तरला अजिंठ्याच्या रस्त्यावर खडीच्या कामावर होती. तिनं एका मुसलमान बाईजवळ मुलगा ठेवला होता. आजोबांनी तिला ओढत गाडीत घालून नेलं. आजी म्हणते, मी चौथ्या दिवशी परत आले होते, पण जागा रिकामी होती. आम्हाला वाटायचं म्हातारपणी काहीतरी बोलते. तुमचं हे ऐकवलं तेव्हापासून ती जेवत नाही. मुलाच्या डाव्या कानामागं भाजल्याची खूण होती, चुलीजवळ पडला होता. आजी अजून आहे."

खाली नाव मुलीचं. गाव लिहिलेलं नाही.

अम्मा तीन दिवस बसल्या होत्या.

२८ डिसेंबर, रविवार

ऐकून कुणीही लिहील, असं दिवसभर स्वतःला सांगितलं. पण कानामागची खूण रेकॉर्डिंगमध्ये नाही. खोटं लिहिणाऱ्याला ती सुचली असेल? सुचूही शकते.

सु.ला सगळं वाचून दाखवलं. ती गव्हातले खडे काढत होती, हात थांबले.

"सांगा त्यांना."

"माझं नाही ते सांगायचं. एकदा सांगून बघितलंय."

"तेव्हा विचारलं नव्हतं तुम्ही. आता विचारा."

"काय विचारू? तुमची आई शोधतीये का, हे विचारलं की सांगितलंच की."

ती परत गहू निवडायला लागली. मग म्हणाली, "ती पण म्हातारीच असेल ना. अम्मांच्याच वयाची."

ओसरी बंद झाली की त्या मुलीला आमच्याकडं यायला रस्ता नाही. आम्हालाही तिच्याकडं नाही. तीन दिवस हातात.

३० डिसेंबर

दुपारची रजा टाकून गुलमंडीला गेलो. काय बोलायचं ते गल्लीत शिरेपर्यंत ठरवत होतो.

दुकानाबाहेर उन्हात रजयांचा ढीग, त्याच्या कडेला अम्मा. पहिल्यांदाच बघितलं त्यांना. आवाजावरून मोठ्या वाटल्या होत्या, केवढ्याशा आहेत. हातात सुई, डोळ्यांजवळ धरलेली. यूसुफभाई आतनं आले, सुई त्यांच्या हातातनं घेतली, एका झटक्यात ओवली, परत दिली. अम्मांनी वर बघितलंही नाही. रोजचंच.

मला बघून यूसुफभाईंचा चेहरा बदलला. गळ्याला मफलर, कानावरून घेतलेला. मी तिकडं बघतोय हे माझ्या लक्षात आलं, मग खाली बघितलं.

"कौन आया रे?" अम्मांनी विचारलं. जरा मोठ्यानं, ऐकू कमी येतं.

"सलीम का दोस्त है, अम्मी."

त्यांचा चेहरा उजळला. मला जवळ बोलावलं, हात धरला. हात गरम होता उन्हानं. "सलीम कायकू नै आता आजकल? बोलो उसको, अम्मा याद करती. मेरी एक चीज है उसके पास."

त्यांना कुणी सांगितलंच नाही. चार महिने.

मी यूसुफभाईंकडं बघितलं. त्यांनी मान किंचित हलवली, नाही अशी.

"बोलता हूँ, अम्मा," मी म्हणालो.

यूसुफभाई गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आले. "काही काम होतं?" मी म्हणालो, शेवटच्या ठिकाणचं अजून निघालं नाही, एवढंच सांगायला आलो होतो. ते म्हणाले, फोनवर सांगितलं असतं तरी चाललं असतं.  मी काहीतरी गिळतोय हे त्यांना कळलं असणार. कापूस लागला होता बाहीला, तो काढत उभे राहिले. गिऱ्हाईक आलं म्हणून परत गेले.

३१ डिसेंबर

सकाळी सहाला त्या मुलीचा दुसरा मेसेज. "आजी विचारते, काही आलं का."

चिठ्ठ्या पाठवायचं काम आज सुरू करायचं होतं. नाही केलं. महिन्याचं भाडं पुन्हा भरलं. ओटीपी परत भाभींकडून घेतला, त्यांनी कारण विचारलं नाही, आवाजात उजेड होता फक्त.

नऊ वाजता यूसुफभाईंना फोन लावला. म्हणालो, एक गोष्ट आहे. ऐकायची की नाही ते तुम्ही ठरवायचं. नको म्हणालात तर मी आजच सगळं बंद करतो, कुणालाच कधी कळणार नाही, मीही विसरेन.

पलीकडं कापूस पिंजायच्या मशीनचा आवाज होता. तो बंद झाला.

"तुम्ही विसराल?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, नाही.

"घरीच आहात ना?"

"हो."

"येतो."

सु.नं चहाचं आधण ठेवलंय. खाली गाडी लागल्याचा आवाज आला आत्ता. जिन्यात पावलं दोघांची आहेत, एकाची सावकाश, पायरी-पायरीला थांबणारी. "और कित्ता ऊपर है रे?" मोठ्यानं, अम्मांचा आवाज.